चोवीस घरं आणि ज्वारीचा दाणा

सायकलीच्या चेनीवर वरून तेल ओतणारा माणूस मला मनापासून आवडत नाही. हे मी कुणाला तोंडावर कधी म्हटलं नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. म्हणून नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात लिहिते आहे. वही ट्रंकेत राहणार आहे, तेव्हा कुणाला राग यायचं कारण नाही.

सून दिवाळीचे अंक आणते आणि दुपारी मला वाचून दाखवते. त्यात निवृत्त साहेब लोक आपल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. बदली झाली, बढती झाली, निरोपाला हार घातले. इतकी वर्षं नोकरी करून एकाच्याही नखात कधी काही अडकलेलं दिसत नाही. मी चौथी शिकले, नोकरी कधी केली नाही. पण सतरा वर्षं माझे हात रॉकेलात होते, आणि नखांतली काळी रेघ पुढं किती दिवस गेली नाही. हळदी-कुंकवाला बायका माझ्या हातांकडं बघायच्या आणि पानसुपारी वरून टाकायच्या.

नगरहून पारनेरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. एसटी थांबायची तिथं चिंचेखाली आमचं सायकलीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं चूल, आणि मधल्या दाराला गोणपाटाचा पडदा. पडद्यापुढं आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, बसायचे. पंक्चर काढणं, हवा भरणं, डुगडुगणाऱ्या चाकाचा आऊट काढणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारणं ही त्यांची कामं. त्यातलं शेवटचं काम ते सगळ्यात चांगलं करायचे. चेन पडद्यामागं माझ्याकडं यायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, मेस्त्रींनी चेन आत भिजत टाकली आहे. आत कोण आहे हे कुणी विचारलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज आला की आत बाई आहे, आणि चेन घासल्याचा आला की आत मेस्त्री आहेत, असं लोक धरून चालायचे. मेस्त्री तर त्यांच्या समोर बसून तंबाखू मळत असायचे.

चेनीचं काम मला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना मी मामा म्हणायची. त्यांची नजर गेली होती, पण बोटं शाबूत होती. लग्न होऊन आले त्याच वर्षी एक दिवस त्यांनी मला हाक मारली, "पोरी, हिकडं ये. तुझ्या धन्याला चेन कळत न्हाई. त्याला निस्तं बोलाया येतं. तू शीक."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चेन झिजते ती बाहेरून नाही, आतून झिजते. प्रत्येक कडीच्या पोटात एक खिट्टी असते आणि खिट्टीभोवती एक फिरती नळी असते. वाटण करायचं असलं की आपण पाट्यावर पाणी शिंपडतो आणि वरवंटा फिरवतो. चेनीवर धुरळा असताना वरून तेल ओतलं की तेच होतं. तेल धुरळ्याला आत घेऊन जातं आणि कडी पायडलाच्या प्रत्येक फेऱ्यात स्वतःचंच वाटण करते. म्हणून आधी चेन उतरवायची. चेनीची दोन टोकं जोडणाऱ्या जोडकडीची पत्ती काढली की ती सापासारखी हातात येते. मग रॉकेलात भिजवायची, आधी जुन्या गाळलेल्या, मग स्वच्छ. काथ्यानं एकेक कडी घासायची. उन्हात खिळ्याला टांगून कोरडी करायची. मग नळीवर आतल्या बाजूनं तेलाचा एक थेंब. एका कडीला एकच. थेंब मुरला की बाहेरचं सगळं तेल फडक्यानं पुसून टाकायचं. तेल आत पाहिजे, बाहेर नको. एवढी साधी गोष्ट, पण ती ज्याला समजली असा पुरुष मला सतरा वर्षांत एकच भेटला, आणि ते मामा.

झीज मोजायला मामांनी एक फळी केली होती. फळीच्या एका टोकाला खिळा आणि बरोबर बारा इंचांवर करवतीनं पाडलेली रेघ. चेनीचं पहिलं घर, म्हणजे दोन नळ्यांमधली मोकळी जागा, खिळ्यात अडकवायचं, चेन ताठ ओढायची आणि चोवीस घरं मोजायची. नवी चेन असली तर चोविसावं घर रेघेवर येतं. झिजलेली पुढं जाते. मामा म्हणायचे, "बाजरीच्या दाण्याइतकी गेली तर चालंल. ज्वारीच्या दाण्याइतकी गेली तर फेकून द्यावी, मग ती सायकल कुनाचीबी असंना." फळीशेजारी एका डबीत बाजरीचे चार दाणे आणि ज्वारीचे चार दाणे मी ठेवलेले असायचे.

ज्वारीच्या पुढं गेलेली चेन सैल पडते, लोंबते, उतरते. मग आमच्याकडचे शहाणे काय करायचे? एक जोड कड्या काढायचे. चेन आखूड झाली, ताठ झाली, झालं काम! दुकानातून निघताना अशी खूश व्हायची माणसं! पण चेन लांब झालेली नसते, प्रत्येक घर रुंद झालेलं असतं. एक जोड काढल्यानं बाकीची शंभर घरं अरुंद होत नाहीत. ताठ केलेली झिजकी चेन दात्यांवर चढते, दाते खाते आणि जोर लावला की उडी मारते. अंगाला घट्ट होणारं पोलकं शिवण उसवून सैल करता येतं, पण विरलेलं पोलकं टाचून नवं होत नाही, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

गिऱ्हाइकांपैकी शाळेचे गुरुजी सगळ्यात नेमाचे. ते तेलाची बुधली पिशवीत घेऊनच फिरायचे आणि रोज प्रार्थनेआधी चेनीवर धार धरायचे. "मेस्त्री, एवढी सेवा करतो, तरी करकर का हो करते?" दर महिन्याला हाच प्रश्न. मी त्यांच्या चेनीवरून चमच्यानं काळा लगदा खरवडायची, तो चांगला वाटीभर निघायचा. मालक बाहेर सांगायचे, "गुरुजी, हवेचा दोष हाय." गुरुजी मान डोलवायचे. मुलांना विज्ञान तेच शिकवायचे.

दुसरे एक जावईबापू होते. लग्नात मिळालेली सायकल त्यांनी दोन वर्षं नायलॉनच्या कागदात ठेवली. चेनीला तेल घातलं तर पायजमा खराब होईल म्हणून थेंबभर घातलं नाही. चेनकव्हर उघडलं तर आत विटकरी रंगाचा एक दगडी तुकडा. तीच चेन होती. "सासऱ्यानं हलका माल दिला," असं ते भर रस्त्यात म्हणाले. मी पडद्यामागं ती चेन दोन दिवस भिजवली, हातोडीच्या दांड्यानं एकेक कडी मोकळी केली, आणि त्या सासऱ्याची मला फार दया आली.

पण लिहायला बसले ती बहात्तरच्या दुष्काळातल्या गोष्टीसाठी.

त्या वर्षी विहिरी आटल्या आणि सगळा गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जायचा. खडीचा धुरळा सायकलींच्या चेनीत जायचा, त्यामुळं आम्हाला काम भरपूर आणि रॉकेल रेशनवर. अशा दिवसांत पाथर्डीकडचा एक सायकलवाला गावात आला. नाव मारुती. बरोबर बायको गिरजा आणि तिच्या कडेवर दीड वर्षाची पोर. दर साल ते ऊसतोडीला जायचे. त्या साली ऊसच वाळला, म्हणून त्यानं हा खेळ धरला होता. मैदानात सायकल चालवत राहायची, खाणंपिणं, अंघोळ, झोपेची डुलकी सगळं सायकलीवर, पाच दिवस जमिनीला पाय लावायचा नाही आणि चाक थांबू द्यायचं नाही. गावानं ठरवलं, पाच दिवस पुरे केले तर एक पोतं मिलो द्यायचा. मिलो म्हणजे रेशनवर मिळायची ती परदेशी लाल ज्वारी. चवीला कशी होती ते विचारू नये. पण त्या वर्षी तेवढ्या पोत्यावर तीन माणसं दोन-तीन महिने जगली असती. पाय लागला तर मात्र काही नाही.

हा खेळ ठरवणारे आमचे बापूसाहेब. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढं उभं राहायचं आणि कशाला हात लावायचा नाही, असा त्यांचा स्वभाव. खेळाच्या आदल्या दिवशी ते मारुतीला घेऊन दुकानात आले. सायकल तपासायची होती. चेन आत आली. मी धुतली, वाळवली, फळीवर ताणली. चोविसावं घर रेघेच्या पुढं ज्वारीचा दाणा ओलांडून अर्धा दाणा आणखी गेलं. इतकी झिजलेली चेन मी त्या वर्षात दुसरी पाहिली नव्हती.

मी पडदा थोडा बाजूला करून मालकांना खुणावलं. ते आत आले.

"ही चेन घालू नका," मी म्हणाले. "दीड ज्वारी गेलीय. पाच दिवस न्हाई काढायची."

"मग काय घालू?"

"ती नवी हाय की खुंटीला."

"ती बापूसाहेबांची हाय. त्यांनी नगरहून मागवून घेतलीय. त्येंच्याच सायकलीला बसवायचीय."

"त्येंची सायकल भिंतीला टेकून उभी असती."

मालक हसले आणि बाहेर गेले. बाहेर त्यांनी चाचरत चेनीचं सांगितलं. त्यावर बापूसाहेबांचा आवाज आला, "मेस्त्री, तुमी लई इचार करता. एक जोड काढा की, ताठ व्हईल. माझी चेन कशाला वढता मधी?"

मारुतीनं बापूसाहेबांना विचारलं, "साहेब, खरंच चालंल का? माझ्या पोटाचा सवाल हाय."

"अरे, मेस्त्री हायेत आमचे. चालंल म्हंजी चालंल."

मालकांनी जोड काढला. मागचं चाक थोडं पुढं घेऊन आवळलं. चेन ताठ झाली. मारुतीनं बोटानं दाबून पाहिली आणि त्याला बरं वाटलं. गिरजा चिंचेखाली पोरीला पाजत बसली होती. तिच्याकडं बघून तो हसला.

मी पडद्यामागं उभी होते. चार पावलं पुढं जाऊन, "दादा, ही चेन घालू नका," एवढं म्हणायचं होतं. माझ्या हातात फळी होती, दाणे होते. मी गेले नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि चुलीकडं वळले. बापूसाहेबांना मी कितीही नावं ठेवीन, पण त्या दिवशी ज्याला खरं माहीत होतं असं माणूस एकच होतं, आणि ते गप्प बसलं.

खेळ आमच्या दुकानासमोरच्या मैदानात होता. दोन दिवस बरे गेले. खडीच्या कामावरून आलेली माणसं बघायला थांबायची. गिरजा चालत्या सायकलीबरोबर पळत त्याला भाकरी द्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता मी आवाज ऐकला. कट्. थोड्या वेळानं पुन्हा कट्. चेन दात्यावर चढत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तर प्रत्येक फेऱ्याला आवाज होता. मैदान एका बाजूला उतरतं होतं. उताराला तो नुसता घरंगळायचा, चढाला जोर लावला की चेन उडायची आणि पायडल निसटून त्याच्या नडगीवर आपटायचं. नडगी सोलून रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. लोक हसत होते. कुणी म्हणालं, "नाचतीय बघ सायकल!" एकदा तो इतका कलला की बापूसाहेब ओरडले, "लागला, लागला! पाय लागला!"

"न्हाई लागला!" गिरजा पोरीला घेऊन मैदानात धावली. "देवाशपथ न्हाई लागला! मी बघत हुते!"

"मग पुढच्या फेरीला लागंल," बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या भोवतीची माणसं पुन्हा हसली.

मालक तंबाखू मळत मैदानाच्या कडेला उभे होते. माझ्याकडं बघत नव्हते.

मी खुंटीवरची नवी चेन काढली. पक्कड घेतली. तेलाचं बोट लावलेलं फडकं कमरेला खोवलं आणि पडद्याबाहेर आले. दुकानाची पायरी उतरले. सगळ्या गावासमोर मी मालकांजवळ गेले आणि म्हणाले, "चला. मागनं कॅरेज धरा आणि हळू ढकला. थांबू नका."

"अगं, काय करतीस?"

"ढकला."

सायकल घरंगळत असते तेव्हा चाक फिरतं, पण चेन जागची हलत नाही. मागच्या फ्रीव्हीलमुळं तसं होतं. रोज सायकल चालवणाऱ्या गुरुजींनासुद्धा हे ठाऊक नव्हतं. मी मारुतीला म्हणाले, "दादा, दोन्ही पाय हँडलवर घ्या. खाली बघू नका." त्यानं पाय वर घेतले. मालक ढकलू लागले. मी उजव्या अंगानं कमरेत वाकून चालू लागले.

"अगं ए, ती माझी चेन हाय!" बापूसाहेबांचा आवाज आला.

मी वर पाहिलं नाही. म्हणाले, "तुमची सायकल भिंतीला टेकून हाय, बापूसाहेब. ती पडायची न्हाई."

हे मीच बोलले. अजून माझा मलाच विश्वास बसत नाही.

जुन्या चेनीची पत्ती पकडीनं काढली. जुनी चेन नुसती उतरवली असती तर चालत्या सायकलीत नवी ओवता आली नसती. म्हणून जुनीच्या शेपटाला नवी जोडली आणि जुनीचं तोंड धरून ओढत गेले. जुनी बाहेर येत होती, तिच्या मागं नवी दात्यांवर बसत होती. लेंग्याची नाडी ओवतात तसंच. एक फेरी त्यात गेली. दुसऱ्या फेरीत जोडकडी घरात बसवली. तिसऱ्या फेरीत पत्ती दोनदा बोटांतून निसटली, एकदा मातीत पडली, ती गिरजानं पळत येऊन उचलून दिली. तिसऱ्यांदा पक्कड दाबली आणि पत्ती बसल्याचा टिच् आवाज आला. आधी एक जोड काढल्यामुळं झिजकी चेन जवळपास नवीच्या लांबीची झाली होती, म्हणून चाक हलवावं लागलं नाही. शहाण्यांच्या मूर्खपणाचा तेवढा उपयोग झाला.

"आता चालवा," मी मारुतीला म्हणाले. "चढाला जोर लावू नका. दाते खाल्लेले हायेत. उद्यापत्तुर निघंल."

त्यानं पायडल मारलं. आवाज आला नाही. मैदानात कुणी हसलं नाही. मी तोंडावर पदर ओढून सरळ घरात आले आणि रांजणातलं पाणी प्याले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो उतरला. उतरला म्हणजे दोघांनी उतरवला, गुडघे वळत नव्हते. बापूसाहेबांनी भाषण केलं. "आमच्या गावच्या मेस्त्रींनी चालत्या सायकलीला चेन बसवून गावाचं नाव राखलं!" असं म्हणून त्यांनी आमच्या मालकांना नारळ दिला. समोर दोनशे माणसं होती. आदल्या दिवशी तीच दोनशे होती आणि प्रत्येकाला डोळे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी नारळ घेतला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. ते नारळ घेऊन आत आले तेव्हा मी म्हणाले, "सायकल ढकलली बाकी चांगली."

तेवढ्यात बाहेर बापूसाहेब गिरजाला सांगत होते, "मिलो घे वतून. बारदान मोकळं करून दे. पोतं सोसायटीत परत द्यायचं हाय."

"कशात वतू, बापूसाहेब?" गिरजा म्हणाली. "माझ्याकडं काय हाय?"

"ते तू बघ. धान्य ठरलं हुतं, पोतं न्हाई."

तिच्या अंगावर एक लुगडं होतं आणि कडेवर पोर. ती पोत्यापाशी नुसती उभी राहिली. माणसं पांगायला लागली होती. नवरा जमिनीवर पाय लांब करून बसला होता, पाच दिवसांनी.

मी दाराचा पडदा ओढून काढला. तो एका मोठ्या पोत्याचाच होता, दोन बाजू उसवून केलेला. दाभण आणि सुतळी घेतली आणि दुकानाच्या पायरीवर उघड्यावर बसून दोन्ही बाजू पुन्हा शिवल्या. गिरजा माझ्यासमोर उकिडवी बसली आणि गोणपाटाचं टोक ताणून धरत राहिली. पोतं भरलं, तोंड शिवलं, सायकलीच्या कॅरेजला बांधलं. जाताना तिनं माझे काळे हात हातात घेतले आणि तिच्या कपाळाला लावले.

मालक म्हणाले, "अगं, दार उघडं पडलं की."

"पडू द्या."

"पडदा लाव दुसरा."

"गोणपाट मिळाला की लावते," मी म्हणाले. तो अजून मिळायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातच फळी घेऊन बसले होते. मालक बाजूला पंक्चर काढत होते आणि त्या दिवशी कमी बोलत होते. गुरुजी आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या चेनीकडं पाहिलं आणि माझ्या डोक्यावरून आत चुलीपर्यंत पाहिलं. आत कुणी नव्हतं.

"मेस्त्री, चेन कोण बघतंय हल्ली?" त्यांनी मालकांना विचारलं.

मालकांनी ट्यूब पाण्यात बुडवली आणि मान वर न करता माझ्याकडं अंगठा केला.

"कधीपासून?" गुरुजींनी विचारलं.

"सात वर्षं झाली, गुरुजी," मी म्हणाले. "आणा सायकल हिकडं. आणि ती बुधली आधी खाली ठेवा."